कुणी बटण दाबून धरलंय का?

निवेदकाची दाढ ठणकायला लागली तेव्हा घरात जी शांतता पसरली, ती त्याच्या बायकोला, खरं सांगायचं तर, मनातून आवडली. बाई दुष्ट नव्हती. पण सभासमारंभांचं निवेदन करून पोट भरणारा माणूस घरीसुद्धा माइकसमोर उभा असल्यासारखाच बोलतो, आणि ते तिने लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. त्याला पाणी हवं असलं तरी आधी तहानेची प्रस्तावना व्हायची, मग पाणी आणणाऱ्या व्यक्तीचा अल्प परिचय, आणि मग कुठे 'मी त्यांना विनंती करतो' यायचं. आता त्याचा डावा गाल टम्म फुगला होता आणि तो मुकाट्याने बोटाने ग्लास दाखवत होता.

पण परवा त्याचा कार्यक्रम होता. मोठी इमारत, मोठे पाहुणे, आणि सूत्रं सगळी याच्या हातात.

"अहो, तुम्ही गेला नाहीत तर ते दुसऱ्याला बोलावतील," बायको म्हणाली. "आणि तो दुसरा एकदा आत शिरला की बाहेर निघायचा नाही. उठा. दाखवून येऊ."

दाताच्या दवाखान्यात ते पोचले तेव्हा बाहेर अजून उजेड होता, पण आभाळ असं गच्च भरून आलं होतं की तो उजेड राख कालवल्यासारखा दिसत होता. दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बसायची बाकं, आत ती खुर्ची. खुर्चीवर आडवं झालं की पायांच्या पलीकडे, खिडकीखाली एक लांब ओटा होता, ओट्यावर लॅपटॉप, आणि त्याच्यासमोर चाकांचं गोल स्टूल. सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास.

डॉक्टरबाई तरुण होत्या, हाताने हलक्या होत्या आणि आवाजाने त्याहून. त्यांनी आरशाच्या दांडीने एका दाढेवर टिचकी मारली, निवेदक ओरडला. शेजारच्या दाढेवर मारली, तो तेवढ्याच जोरात ओरडला.

"काका, नक्की कुठली दुखतेय?"

"दोन्ही," तो म्हणाला. "म्हणजे, सांगायचं झालं तर, वेदनेचा उगम एका ठिकाणी आणि तिचे पडसाद..."

"एक्स-रे काढू," बाई म्हणाल्या.

दोन्ही दाढांमध्ये कधीकाळी चांदी भरलेली होती आणि वरून बघितलं तर दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. एक्स-रेचं चित्र लॅपटॉपवर उमटलं. बाईंनी लांबूनच त्यावर एक नजर टाकली, म्हणाल्या, "हं, मुळाशी पू झालाय, काढावीच लागणार," आणि इंजेक्शन भरायला वळल्या. त्यांनी हिरडीत दोन ठिकाणी सुई टोचली, दोन्ही बाजूंना कापूस कोंबला, आणि तो जबडा फार आवळतो म्हणून दातांच्या मधोमध एक रबरी ठोकळा बसवून दिला. गळ्यात कागदी टॉवेल, ओठांच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी.

"आता गाल बधिर होईपर्यंत पडून राहायचं. तोंड मिटायचं नाही. आणि बोलायचं नाही."

"ते जमायचं नाही त्यांना," बाहेरून बायकोचा आवाज आला.

बाई आणि त्यांच्या मदतीला असणाऱ्या मावशी बाहेरच्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं.

निवेदक एकटाच राहिला. नळी त्याच्या ओठात सूं सूं करत होती. खिडकीच्या काचेवर राखाडी उजेड हळूहळू विझत चालला होता. त्याने पायांपलीकडे पाहिलं. पडद्यावर त्याच्याच दाढा दिसत होत्या, पांढऱ्याफटक, लांब मुळांच्या, काळ्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या. आपल्या आत असं काही उभं असतं, हे त्याला एरवी कधी जाणवलं नव्हतं. तो नजर वळवणार इतक्यात पडदा काळा झाला.

काळा झाला आणि आरशासारखा लकाकला. खोलीतला दिवा त्यात दिसला. खिडकीची कड दिसली. आणि त्या दोहोंच्या मध्ये एक चेहरा दिसला. म्हातारा चेहरा. हनुवटीखालून रुमाल घेऊन डोक्यावर गाठ मारलेला. एक गाल सुजलेला.

निवेदकाने आधी मनातल्या मनात हसून घेतलं. आपलाच गाल, दुसरं काय. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या डोक्याला रुमाल नाही.

स्टुलाची चाकं कुरकुरली.

तो स्टुलावर बसला होता. पाठमोरा, बारीक खांद्यांचा, अंगात करड्या लोकरीचा जाड स्वेटर, त्याला ओल्या लोकरीचा वास. खोलीत येताना कुणी दिसलं नव्हतं, दार उघडल्याचा आवाज झाला नव्हता. आणि तो दात दुखणारा माणूस ओढतो तसा हवा आत ओढत होता. स्स्स्... थांबून पुन्हा, स्स्स्...

लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं. म्हाताऱ्याने शांतपणे उजवा हात उचलला, एक बोट कीबोर्डवर टेकवलं आणि दाबून धरलं.

टीं टीं टीं टीं टीं...

पडदा काळा. पुन्हा चिन्ह. पुन्हा बोट. पुन्हा टीं टीं टीं.

निवेदकाने आयुष्यात हजारो लोकांसमोर तोंड उघडलं होतं, पण आत्ता उघडलेल्या तोंडातून त्याला एक अक्षर बाहेर काढता येईना. "आऽऽ," तो म्हणाला. "आऽऽआऽ!"

दार उघडून डॉक्टरबाई आल्या. मागून मावशी, त्यांच्या मागून बायको.

"काय झालं काका? ... अगंबाई, याला काय झालं?" हे दुसरं लॅपटॉपला होतं. बाई तरातरा ओट्याकडे गेल्या आणि म्हाताऱ्याच्या अगदी खांद्याशी उभ्या राहिल्या. त्यांच्या कोटाची बाही त्याच्या रुमालाच्या गाठीला लागत होती. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी चालू-बंदचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. चिन्ह. बोट. टीं टीं टीं.

"आआआ!" निवेदक हात नाचवत ओरडला. त्याला 'म्हातारा' म्हणायचं होतं.

"काय म्हणतायत हे?" बाईंनी विचारलं.

"मला कळतं त्यांचं सगळं," बायको अभिमानाने म्हणाली. "वारा म्हणतायत. खिडकीतून वारा लागतोय."

मावशींनी खिडकी लावून घेतली. ओल्या लोकरीचा वास आणखी दाटला.

"ऊआअ!" निवेदकाने स्टुलाकडे बोट रोखलं. "ऊआअ! ऊआअ!"

"स्टूल?" मावशी म्हणाल्या.

"नाही हो," बायको म्हणाली, "भूल म्हणतायत. भूल उतरतेय त्यांची. लवकर उतरतं त्यांचं सगळंच. अजून एक इंजेक्शन द्या बिचाऱ्यांना."

निवेदकाने जिवाच्या आकांताने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थही बायकोनेच सांगितला, आणि तो फार दुखतंय असा होता. दुसरं इंजेक्शन बसलं. आता त्याची जीभ भिजलेल्या पोत्यासारखी तोंडात पडून राहिली आणि 'आ' म्हणायचं म्हटलं तरी 'ह' व्हायला लागलं.

डॉक्टरबाईंनी लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो ओट्यावर ठेवला. पलीकडून रहदारीचा गोंगाट आला, मग एक निवांत आवाज.

"बोला मॅडम."

"लॅपटॉप नीट सुरूच होत नाहीये. कंपनीचं चिन्ह येतं, टीं टीं वाजतं आणि बंद पडतं. पुन्हा तेच. आत पेशंटचा एक्स-रे अडकलाय आणि पेशंट खुर्चीत आहे."

"घाबरू नका. त्याला लावलेल्या सगळ्या वायरी काढा. माउस, ते एक्स-रेचं काय असेल ते, चार्जर. सगळं."

मावशींनी वायरी उपटल्या. म्हाताऱ्याने त्यांना वाट मिळावी म्हणून कोपर जरा आत घेतलं. ते बघून निवेदकाच्या पाठीतून थंडगार पाणी उतरलं. भूत असेल तर असो, पण इतकं सभ्य भूत त्याला जास्त भयंकर वाटलं.

"आता चालूचं बटण बराच वेळ दाबून ठेवा. मी सांगेपर्यंत. हं... सोडा. आता लावा."

चिन्ह. म्हाताऱ्याचं बोट. टीं टीं टीं टीं.

"सलग वाजतंय ना?" दुरुस्तीवाला म्हणाला. "मग सोपं आहे. कीबोर्डचं एखादं बटण दाबलेलं राहिलंय. कुणी बटण दाबून धरलंय का बघा."

"इथे कोण धरणार? मी एकटी उभी आहे समोर."

"हऽऽ!" निवेदक खुर्चीवरून अर्धा उठला. "हऽऽ! हो हऽऽ!"

"काका, तुम्ही पडून राहा बरं. गरगरेल."

"मग काहीतरी अडकलं असेल," दुरुस्तीवाला म्हणाला. "लॅपटॉप पालथा करा आणि हलक्या हाताने झटका. खाण्याचे कण असतात खूपदा."

"माझ्या लॅपटॉपवर कुणी काही खात नाही," डॉक्टरबाई ताठ आवाजात म्हणाल्या.

मावशींनी छताकडे पाहिलं.

लॅपटॉप पालथा झाला. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर उचलून घेतले, टेबल पुसताना माणूस उचलतो तसे. ओट्यावर बिस्किटाचा भुगा पडला, भरपूर पडला, आणि डॉक्टरबाई मावशींकडे आणि मावशी छताकडे बघत राहिल्या. लॅपटॉप सरळ झाला. म्हाताऱ्याने हात खाली घेतले आणि बोट होतं तिथे ठेवलं.

टीं टीं टीं टीं.

"बाहेरचा कीबोर्ड आहे एखादा? तो जोडून बघा."

बाहेरच्या टेबलावरचा कीबोर्ड आला, जोडला गेला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि डाव्या हाताचं बोट त्याच्यावर ठेवलं. आता दोन्ही हात गुंतले. टीं टीं आता दुप्पट जोरात वाजायला लागलं.

"कमाल आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. मग तो जरा थांबला. रहदारीचा आवाज कमी झाला, बहुतेक तो आडोशाला गेला असावा. "मॅडम... मागं कोण कण्हतंय?"

"पेशंट आहे."

"तो हऽऽ करतोय तो? तो नाही. दुसरा. फोनच्या अगदी जवळ आहे. दात आवळून श्वास ओढतोय बघा... स्स्स्, स्स्स्... असा."

नळीची सूं सूं तेवढी चालू होती. डॉक्टरबाईंनी फोनकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. बसावं असं त्यांच्या मनात आलं असणार, कारण त्यांनी स्टूल ओढायला हात घातला. स्टूल जागचं हललं नाही.

"याची चाकं पण अडकली," त्या म्हणाल्या आणि हात कोटाला पुसला. "आणि किती गार पडलंय हे. मावशी, तुम्ही ओल्या फडक्याने पुसलंत का?"

"मी नाही हात लावला त्याला."

"बरं, जाऊ दे." त्यांनी फोन तसाच ठेवून खुर्चीकडे मोर्चा वळवला. "काका, तुमची भूल वाया जायला नको. मी चित्र बघितलंय, मला आठवतंय. शेवटची दाढ. काढून टाकू."

त्यांनी पक्कड उचलली.

आणि म्हातारा स्टुलावरच गर्रकन वळला. निवेदकाने त्याला पहिल्यांदा समोरून पाहिलं. डोळे पाण्याने भरलेले, खोल गेलेले. सुजलेला गाल निळाजांभळा. त्याने मान हलवली. नाही... नाही... मग त्याने तोंड उघडलं. ते तोंड जितकं उघडायला हवं त्याहून जास्त उघडलं, आतला काळोख संपेचना. त्या काळोखात त्याने एक वाकडं बोट घातलं आणि शेवटून दुसऱ्या दाढेच्या जागेवर ठेवलं. मग त्याच बोटाने निवेदकाकडे खूण केली.

निवेदकाला कळलं. शेवटची नव्हे, तिच्या शेजारची. त्याने डॉक्टरबाईंचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या नाकासमोर नाचवली. दुसरी! दुसरी!

"दोन?" बाई म्हणाल्या. "दोन्ही काढायच्या?"

"धाडसी आहेत हो तुमचे," मावशी बायकोला म्हणाल्या.

"एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं म्हणतायत," बायकोने भाषांतर केलं. "घरी पण तसंच असतं त्यांचं."

पक्कड तोंडाशी आली, आणि निवेदकाने ठरवलं. भूत परवडलं, पण बायकोचं भाषांतर आता परवडणार नाही. त्याने ठोकळा उपटून काढला, कापूस थुंकला, नळी झिडकारली आणि गळ्यातल्या कागदी टॉवेलसकट खुर्चीवरून खाली उतरला. दारापाशी जायला चार पावलंही लागली नसती. तो दाराकडे निघालाही होता.

पण मागून आवाज आला. स्स्स्...

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. गेल्या कित्येक रात्री, सगळं घर झोपलेलं असताना, उशीत तोंड खुपसून त्याने स्वतः तो काढला होता. त्याने वळून पाहिलं. म्हातारा पुन्हा लॅपटॉपकडे तोंड करून बसला होता. बोटं बटणांवर, खांदे पडलेले. एखाद्या बाकावर आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघत माणूस बसतो आणि येणारा जाणारा त्याच्या पुढून आत जातो, तसा तो बसला होता. पडदा पुन्हा पुन्हा उजळायचा आणि तो पुन्हा पुन्हा त्याला विझवायचा, बहुधा कुणीतरी वळून आपल्याकडे बघावं म्हणून.

आता, निवेदकाला आयुष्यात एक गोष्ट नक्की येत होती. माइक धरून बसलेल्या माणसाला माइकपासून दूर करणं. अध्यक्ष असोत, देणगीदार असोत, ज्यांना भाषण संपवायचं ठाऊक नाही असे प्राध्यापक असोत. त्यांना ढकलायचं नसतं, त्यांच्या वेळेचा उल्लेखही करायचा नसतो. त्यांना फक्त त्याहून मानाची जागा दाखवायची असते.

त्याने टॉवेल सरळ केला. घसा खाकरला. स्टुलाच्या डाव्या अंगाला, माइकजवळ उभं राहायच्या अदबीने, एक पाऊल मागे उभा राहिला. कमरेतून जरा वाकला. एक हात म्हाताऱ्याच्या कोपरामागे धरला, न लावता, आणि दुसरा हात खोलीभर फिरवून त्या खुर्चीकडे नेला.

"हा-हा-णी-ह," तो म्हणाला. बधिर जिभेने, पण स्वर कमावलेला होता, आणि त्या स्वरात सगळं होतं. मान्यवर. विनंती. स्थानापन्न.

"यांच्या डोक्यात गेलीय भूल," डॉक्टरबाई कुजबुजल्या.

"नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "हे तर त्यांचं... स्वागताचं आहे. अहो, कुणाचं स्वागत करताय तुम्ही?"

म्हाताऱ्याने मान वर केली. ओठ न हलता आवाज आला, भिंतीआड कुणी बोलावं तसा.

"नंबर... आला माझा?"

निवेदकाने मान डोलावली.

"आधी... मी?"

निवेदकाने पुन्हा मान डोलावली आणि हात तसाच धरून ठेवला.

म्हातारा उठला. स्टुलाची चाकं सुटली आणि ते आपल्याआपण थोडं मागे सरकलं. निवेदकाच्या अंगावरून ओल्या लोकरीचा गार झोत गेला. त्याच क्षणी टीं टीं थांबलं. पडद्यावर चिन्ह आलं, टिकलं, गोल गोल फिरलं, आणि लॅपटॉपने आपली नेहमीची सुरुवातीची धून वाजवली, जणू काही झालंच नव्हतं.

"झालं ना सुरू?" फोनमधून दुरुस्तीवाला म्हणाला. "बटणच होतं. मी म्हटलं नव्हतं? आणि ते कण्हणारे गेले का? गेले असावेत. बरं झालं. ठेवतो."

डॉक्टरबाईंनी घाईघाईने चित्र उघडलं. बराच वेळ त्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "शेवटची नाहीच आहे ती. तिच्या अलीकडची. शेवटची ठणठणीत आहे." पक्कड अजून त्यांच्या हातात होती. त्यांनी ती खाली ठेवली. "तुम्ही दोन बोटं दाखवलीत ती... तुम्हाला कसं कळलं?"

निवेदक काही बोलला नाही. बोलता येत नव्हतंच, पण आलं असतं तरी तो बोलला नसता, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"चला, बसा खुर्चीत."

निवेदकाने खुर्चीकडे पाहिलं आणि जोरात मान हलवली. खुर्चीत म्हातारा आडवा झाला होता. पाय जुळवून, हात पोटावर ठेवून, लहान मुलासारखा शहाणा होऊन.

"अहो, आता काय झालं?" बायको म्हणाली, पण पुढे आली नाही.

"हऽऽ," निवेदक म्हणाला आणि स्टुलावर जाऊन बसला. स्टूल इतकं गार होतं की त्याची बाकीची भूलही पक्की झाली. डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. त्यांनाही काहीतरी उरकून घराकडे निघायचं होतं, तसं दिसत होतं. मावशींनी त्याचं डोकं मागून धरलं, बायकोने हात धरला. बाई वाकल्या.

त्यांच्या खांद्यावरून निवेदकाला खुर्ची दिसत होती. खुर्चीवरचा मोठा दिवा आपोआप लागला. पाठ हळूहळू खाली गेली.

"मावशी," बाई त्याच्या तोंडात बघत म्हणाल्या, "खुर्चीच्या बटणाला हात लावू नका हो."

"मी इथे आहे की, तुमच्यासमोर. यांचं डोकं धरून."

बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्या आणखी वाकल्या आणि आणखी लक्ष देऊन काम करू लागल्या. जे काम समोर आहे त्याच्या पलीकडे बघायचं नाही, असा त्यांनी निश्चय केलेला होता.

म्हाताऱ्याने डोक्यावरची गाठ सोडली, रुमाल घडी करून छातीवर ठेवला. मग तो वर, दिव्याच्या बाजूला बघायला लागला. तिथे कुणीच नव्हतं. पण तो कुणाचं तरी ऐकत होता. त्याने हो म्हणून मान हलवली. पुन्हा हलवली. तोंड उघडलं. ट्रेमध्ये काहीतरी किणकिणलं. खुर्चीशेजारच्या पेल्यात पाणी पडायला लागलं, पेला भरला आणि पाणी आपलंआपण थांबलं. म्हाताऱ्याच्या मुठी आवळल्या गेल्या, पायाचे अंगठे ताठ झाले...

"निघाली!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

निवेदकाला कळलंही नव्हतं. बाईंनी त्याच्या डोळ्यांसमोर दाढ धरली, लालबुंद, मुळाशी पुवाची गाठ. त्याने ती पाहिली, आणि परत खुर्चीकडे पाहिलं, तर खुर्ची रिकामी होती. दिवा विझला होता. लवंगेच्या तेलाचा वास उरला होता, लोकरीचा गेला होता.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुखलं का हो?" बायकोने विचारलं. तिने त्याचा हात अजून घट्ट धरून ठेवला होता.

त्याने मान हलवली. त्याला सांगायचं होतं की गेला बिचारा, सुटला. त्याने प्रयत्नही केला. "हु-ह-ला," तो म्हणाला.

"सुटला म्हणतायत," बायको म्हणाली. आणि या वेळी, कधी नव्हे ते, बरोबर म्हणाली.

जखमेत नवा कापूस बसला. सूचना दिल्या गेल्या, आज पातळ खायचं, गुळण्या करायच्या नाहीत, आणि बोलायचं नाही. शेवटच्या सूचनेवर बायको काही बोलली नाही. सगळ्यांना हलकं वाटत होतं. डॉक्टरबाईंनी लॅपटॉप बंद केला, मग खात्री करायला पुन्हा लावला. तो एका दमात सुरू झाला. त्या हसल्या. मावशीही हसल्या आणि बिस्किटाचा भुगा पुसून घेऊ लागल्या. बाहेर आभाळ तसंच होतं, पण रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि काचेतून त्यांचा पिवळा उजेड आत येत होता.

"बाई," मावशी खुर्चीशेजारून म्हणाल्या. "इकडचा ट्रे तुम्ही वापरला होता का?"

"नाही. मी ओट्यावरचा घेतला. काढताना खुर्चीत कुणी बसलंच नव्हतं ना."

"मग इथं हे काय आहे?"

डॉक्टरबाई गेल्या. निवेदक गेला. बायको दारातच थांबली.

ट्रेमध्ये एक दाढ होती. जुनी, पिवळी, चावून चावून झिजलेली, एका बाजूला खोल काळा खड्डा. पण मुळांना लागलेलं रक्त ताजं होतं आणि पत्र्यावर त्याचा थेंब अजून पसरत होता. डॉक्टरबाईंनी निवेदकाला तोंड उघडायला लावलं, दिवा मारला, बोटाने चाचपून पाहिलं. एकच खड्डा. त्यांनी काढला होता तेवढाच.

मग त्यांनी ती दाढ चिमट्याने उचलली आणि दिव्याखाली धरून वळवून वळवून पाहिली. तिन्ही मुळं, वाकडीतिकडी, आकड्यासारखी वळलेली, आणि तिन्ही टोकापर्यंत शाबूत.

"हे मी नाही काढलेलं," त्या म्हणाल्या.

"अशी मुळं असली की तुटतातच," त्या अगदी हळू, जणू कुणी ऐकू नये म्हणून बोलत होत्या. "फार सफाईने काढलीय. मला... मला नसती जमली."